सात उमेदवार, शेणकिड्याला तिकीटच नाही

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीत 'आपला आवडता देशी किडा निवडा' हे वाचकांचं मतदान आणि त्यातली सात नावं वाचली. कल्पना चांगली, अभिनंदन वगैरे, पण ही निवडणूक आहे की सौंदर्यस्पर्धा? सातपैकी चार फुलपाखरं! अहो, २०१५ ला ब्लू मॉर्मन राज्य फुलपाखरू झालं, २०२० ला राष्ट्रीय फुलपाखरासाठी देशभर ऑनलाइन मतदान झालं, अजून किती लाड करायचे त्यांचे? शेणकिडा कुठाय?

हसू नका. हा गडी शेणाचा गोळा करून ढकलत नेतो आणि पुरतो, त्याचे काही भाऊबंद तर शेणाच्या पोच्या खालीच बोगदा खणून शेण आत ओढतात. माती भुसभुशीत होते, खत मुळाशी जातं आणि माश्यांचं फावत नाही. ऑस्ट्रेलियातले किडे कांगारूंच्या लेंड्यांना सरावलेले, गाईचे पो तसेच पडून राहायचे आणि माश्यांचा नुसता कहर, शेवटी १९६०च्या दशकात त्यांनी परदेशातून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे फुकट आहेत म्हणून किंमत नाही.

पण तुमच्या पुरवणीकडून अपेक्षा तरी काय करायची. मागच्या पावसाळ्यात मी तुम्हाला शेणकिड्याचा फोटो पाठवला होता. गोठ्यामागे चिखलात पालथा पडून काढलेला, शर्ट गेला तो गेलाच, पण फोटो असा की डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, साहेब उलटे चालतायत. तुम्ही छापलात, आभारी आहे. फक्त गोळा कापून टाकलात आणि वर मथळा दिलात, 'पावसाळ्यात झुरळांपासून सावधान'! खाली माझं नाव. दोन दिवस नातेवाइकांचे फोन, घरी पेस्ट कंट्रोल करून घ्या म्हणून. दुरुस्ती छापा म्हणून मेल केला, त्याला उत्तर नाही. एखाद्या मंत्र्याच्या नावातली वेलांटी चुकली की मात्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दिलगिरी. आफ्रिकेतला एक शेणकिडा रात्री आकाशगंगेचा पट्टा बघून गोळा सरळ रेषेत नेतो, हे २०१३ साली प्रयोगातून दिसलंय. झुरळ करतं का हे?

आणि प्रचाराची गरज खरं तर यालाच आहे. गुरांना आयव्हरमेक्टिनसारखं जंतनाशक दिलं की त्याचा अंश शेणात उतरतो आणि आतल्या शेणकिड्याच्या अळ्या मरतात. यावर अर्धं पान लिहा की कधीतरी, फुलपाखरांचे रंगीत फोटो थोडे कमी करून.

तेव्हा यादीत आठवं नाव घाला. तोवर वाचकांनी 'इतर' मध्ये शेणकिडा असं स्पष्ट लिहावं, नुसतं भुंगा लिहू नये, नाहीतर हे लोक मत भलत्याच्याच खात्यात टाकतील.

जाता जाता, मत द्यायला तुमचं ॲप डाउनलोड करा, मग ओटीपी, मग जन्मतारीख, हे कशाला? किड्याला मत द्यायला माझी जन्मतारीख काय करायचीय? पूर्वीसारखं कूपन छापा, कापून पाठवतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार (झुरळवाला)