आईच्या शेजारच्या सीटवरून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आईनं तुला सगळं सांगितलं म्हणे. सगळं म्हणजे तिच्या बाजूचं. माझ्या हातात फोन आला तोवर तुझी मीटिंग सुरू होत होती, म्हणून हे पत्र.

भंडारदऱ्याच्या सहलीचं ठरलं होतं ते असं. नाशिक ते शेंडी गाडी मी चालवायची, भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसाही मीच घालायचा, आणि परतताना घोटीच्या पुढे सरळ रस्ता लागला की हिच्या हातात द्यायची. लायसन्स मिळून जेमतेम दीड महिना झालेला, घाटबिट नको, एवढंच माझं म्हणणं. पण शेंडीत चहा झाला, मी वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायला गेलो, आणि येऊन बघतो तर ही स्टेअरिंगवर. सीट पुढे ओढलेली, आरसा फिरवलेला, पदर खोचलेला. "बसा," म्हणाली. नाक्यावरचा पोरगा हसत होता. त्याच्यासमोर वाद कशाला, म्हणून बसलो.

पहिले पाच किलोमीटर माझा उजवा पाय पायपुसणीवर दाबलेला. हिनं ते पाहिलं. "तिथं ब्रेक असता तर आपण अजून मुरशेतलाच असतो," म्हणाली. मग मी पाय आवरला आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

आता हे लिहायला जरा लाज वाटते. या रस्त्यानं मी आजवर चार वेळा गेलोय. तुलाही नेलं होतं, तू सातवीत असताना, आणि तू उलटी केली होतीस. पण मी पाहिलं होतं ते डांबर, खड्डे आणि समोरून येणाऱ्या जीपा. मुरशेत, पांजरे, उडदावणे असं करत घाटघरकडे निघालं की पाणी कायम डाव्या हाताला राहतं, आणि डावी सीट या खेपेला माझी होती. सप्टेंबर संपत आलेला, धरण काठोकाठ. पाण्यावर ढगाची सावली चालत होती, म्हणजे खरंच चालत होती, माणूस बांधावरून चालतो त्या वेगानं. काठाशी उतरती खाचरं, भात पोटरीला आलेला, आणि बांधांवर सोनकी इतकी दाट की हिरवं शोधावं लागावं. मधूनच तेरड्याचा जांभळा पट्टा. मी "बघ, बघ" म्हणालो तर ही म्हणाली, "तुम्ही बघा, मला वळण आहे." इतकी वर्षं हे वाक्य माझं होतं.

उडदावण्याच्या अलीकडे रस्त्यावर गाई बसल्या होत्या. सगळीकडे चिखल, कोरडं तेवढं डांबरच, मग त्या तरी कुठं बसणार! मी हॉर्नकडे हात नेला. हिनं तो बाजूला केला, गाडी बंद केली आणि थांबली. सगळ्यांत पुढच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला होता. ती आमच्याकडे बघत रवंथ करत राहिली. पाच मिनिटांनी आपण होऊन उठली, मागून बाकीच्या उठल्या.

घाटघरला पाऊस लागला. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात ते उगीच नाही. कोकणकड्यावर उभे राहिलो तर खाली नुसतं पांढरं. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले दिसतील म्हणून मी मोठ्या तोऱ्यात बोट दाखवलं ते ढगाकडेच. मग म्हटलं, निदान वीज प्रकल्प तरी समजावून सांगू. रात्री विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, अडीचशे मेगावॉट. हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोडशेडिंगच्या दिवसांत रात्री दोनला उठून टाकी कोण भरायचं?" त्यावर बोलायला काही उरलं नाही.

साम्रदहून रतनवाडीकडे येताना मात्र माझी भीती खरी ठरली. चढावर वळण, समोरून माणसांनी भरलेली जीप, आणि आपली गाडी बंद. चालू केली, मागे घसरली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा क्लचचा जळका वास आला. मी तोंड उघडलं. "एक शब्द नको," ही म्हणाली. जीपवाल्यानं मान बाहेर काढली. "मावशी, घाई नाही. हँडब्रेक ओढा, थोडी रेस द्या, गाडीनं नाक उचललं की सोडा." हिनं तसंच केलं आणि गाडी सुटली. हेच मी सांगणार होतो, अगदी हेच! पण जीपवाल्याचं ऐकायचं, नवऱ्याचं नाही. ते "नाक उचललं की" मात्र मला सुचलं नसतं, हे कबूल.

रतनवाडीत अमृतेश्वराला गेलो. गाभाऱ्यात अजून पाणी होतं, पिंड बुडालेली. बाहेर रतनगडाचा फक्त पाया दिसत होता, वर ढग. प्रवरा याच डोंगरातून निघते. शेजारच्या घरी नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा. हिनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, एरवी अर्धीवर थांबते. त्या बाईंकडून काळभात तांदूळ घेतला, अडीच किलो. पुढच्या वेळी आलीस की करू.

मुतखेलवरून परत शेंडीला. धरणाजवळ मी सांगितलं, हे १९१०ला बांधायला घेतलं आणि १९२६ला पुरं झालं. "सोळा वर्षं," ही म्हणाली. "मला सात महिने लागले, त्यावरून किती बोललात." घोटीला मी "आता मी घेतो" म्हणालो, तेही नुसतं म्हणायला. नाशिकपर्यंत तिनंच आणली.

क्लासची फी तू भरलीस तेव्हा या वयात कशाला म्हणून मी कुरकुरलो होतो. ते मागे घेतो. आईला हे सांगू नकोस, तिला मी सवडीनं सांगेन.

आणखी एक. डाव्या आरशाला ओरखडा आहे. तो घाटातला नाही. घरी आल्यावर ही कुलूप उघडायला उतरली आणि फाटकातून गाडी आत मी घेतली.

तुझा,
बाबा