बाटली पाठवत नाही, त्याऐवजी हे पत्र

औसा, जि. लातूर

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज मिळाला. चिमणीला पुन्हा सर्दी-खोकला झालाय, मागच्या वेळसारखी सेफिक्झिम या अँटिबायोटिकची बाटली ट्रॅव्हल्सवाल्याजवळ देऊन टाक म्हणतोस. पुण्याचा मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, अन् मी घरचा मेडिकलवाला. गड्या, घरचा आहे म्हणूनच पाठवत नाही.

हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आहे. 2014 पासून ते विकलं की डॉक्टरचं अन् पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. पण कायदा राहू दे बाजूला. सर्दी होते विषाणूंमुळे आणि अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. म्हणजे सर्दीचं ते काही वाकडं करत नाही, पण पोटात गेल्यावर गप्पही बसत नाही.

आपल्या अंगात साधारण 38 लाख कोटी जिवाणू राहतात, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच. वजन सगळं मिळून पाव किलोसुद्धा नाही. बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात. ज्वारीच्या भाकरीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. शिवाय लहान पोरांच्या प्रतिकारशक्तीला आपलं कोण अन् परकं कोण हे ओळखायची सवयही यांच्यामुळेच लागते.

आता अँटिबायोटिक पोटात गेलं की यातले बरेच मरतात. मग काय होतं? आपल्याकडं रान मोकळं दिसलं की आधी गाजरगवत माजतं, तसंच. डॉक्टर लोक ज्याला सी-डिफ म्हणतात तो जिवाणू अशा मोकळ्या जागेतच हातपाय पसरतो. जुलाब थांबता थांबत नाहीत. नेदरलँड्समध्ये अशा रोग्यांना निरोगी माणसाची विष्ठा गाळून नळीनं आतड्यात सोडली. नाक मुरडू नकोस! 16 पैकी 15 जण बरे झाले, तर नुसत्या व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकवर 13 पैकी 4. 2013 मध्ये हे छापून आलं. प्रयोग मध्येच थांबवला, कारण फरक इतका उघड होता. औषधानं औषधाचं केलेलं नुकसान शेवटी कुणाच्या तरी पोटातल्या जिवाणूंनी भरून काढलं, हे मला अजून अजब वाटतं.

डेन्मार्कमध्ये 12 धडधाकट तरुणांना दवाखान्यातली तीन जबर अँटिबायोटिक्स चार दिवस दिली. दीड महिन्यात बरंचसं पूर्ववत झालं, पण आधी सगळ्यांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांत सापडल्या नाहीत. तुमच्या बाटलीतलं औषध तेवढं जबर नाही, हे खरं. पण ते तरुण होते, त्यांचं पोट स्थिरावलेलं होतं. चिमणी दोन वर्षांची आहे. पोरांचं पोट मोठ्यांसारखं व्हायला साधारण तिसरं वर्ष उजाडतं. त्या काळात वारंवार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत दमा आणि लठ्ठपणा जास्त आढळतो. कारण तेच आहे असं कुणी ठाम म्हणत नाही, तरी मी माझ्या पुतणीच्या बाबतीत हा जुगार खेळणार नाही.

अजून एक. जे जिवाणू वाचतात ते औषधाला दाद न देणारे असतात, आणि हा गुण ते शेजारच्या जिवाणूंनाही देतात. उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर तीच बाटली थिटी पडायची.

वहिनी म्हणाल्या असतील, दही खाऊ घातलं की भरून निघतं. दही अवश्य द्या, पण त्यातले जिवाणू पोटात घर करून राहत नाहीत. 2018 च्या एका इस्रायली अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जिवाणू घातलेलं औषध, घेणाऱ्यांचे मूळचे जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. त्या महागड्या पुड्या माझ्याच दुकानात विकल्या जातात, म्हणून सांगतो. भाकरी, वरण, पालेभाज्या, आंबील यांवर माझा जास्त भरवसा. (तुझ्या बाबांना डॉक्सी किंवा सिप्रो ही अँटिबायोटिक्स चालू असतील तेव्हा मात्र गोळी अन् दही-दुधात दोन तासांचं अंतर ठेव, कॅल्शियम गोळीला धरून बसतं.)

याचा अर्थ अँटिबायोटिकच नको असा काढू नकोस. टायफॉइड, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग यांत ती गोळी जीव वाचवते, तिथं माझ्या या पुराणाला काही किंमत नाही. चिमणीचा श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, पाणी पीत नसेल, मलूल पडली किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर सरळ डॉक्टर गाठ. तपासून त्यांनी अँटिबायोटिक लिहिलं तर निमूटपणे दे, सांगितलं तेवढे दिवस. मला चिठ्ठीचा फोटो टाक, किती मिली अन् कधी ते फोनवर समजावतो. आणि फ्रीजमध्ये मागची उरलेली बाटली असेल तर आजच टाकून दे. पाणी मिसळलेलं औषध आठवड्या-दोन आठवड्यांनंतर कामाचं राहत नाही.

वहिनींना नमस्कार. चिमणीला पापा.

तुझा,
दत्ता