चाकं धरून बसलेल्या जीपतर्फे, मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

पैसे द्यायला आलो तेव्हा "चहा घे नि जा" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. तुम्ही वाचाल न वाचाल, पण ज्यांच्या अंगणात एखादी जुनी जीप चाकं धरून बसली आहे, त्यांनी तरी वाचावं.

जीप महिंद्राची, सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. दापोलीखालच्या आमच्या वाडीत बरीच वर्षं आंब्याखाली उभी. वरून पाऊस, समोरून खारा वारा. चाकांचा नट कुठला आणि स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) कुठला हे नुसत्या डोळ्यांनी कळत नव्हतं. एका गॅरेजवाल्याने लांबूनच पाहून "गॅसने कापून टाकू" असा निकाल दिला होता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री गावात आहेत, हे मला वाण्याच्या दुकानात कळलं.

तुम्ही आलात आणि पान्याला हातही न लावता आधी चाकांमागे दगड लावायला सांगितलेत. मी म्हटलं, हँडब्रेक लागतोय की. तेव्हा तुम्ही मला गाडीखाली वाकून बघायला लावलंत. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नाहीच. गिअरबॉक्सच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्यावर) एक छोटा ब्रेक-ड्रम आहे, तो शाफ्ट धरतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते चाक उलटं फिरायला मोकळं होतं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी घरंगळू शकते. आमची पडवी उतारावर आहे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी तुमचा ऋणी राहिलो असतो.

मग तुम्ही तारेच्या ब्रशने स्टडची टोकं घासलीत आणि क्लीनर साइडच्या एका टोकावर खडूने रेघ मारलीत. तिथे इंग्रजी 'एल' कोरलेला निघाला. डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे! ते नट घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. गाडी पुढे जाताना डावं चाक बाहेरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, त्या फिरण्याने नट ढिले होऊ नयेत म्हणून ही योजना. माझ्या मते ही फाजील खबरदारी होती. पुढे बहुतेक कार कंपन्यांनी ती सोडूनही दिली आणि त्यांची चाकं काही निखळून पडली नाहीत. आमच्या जीपला मात्र तिचा भुर्दंड पडला होता. पूर्वी कुणीतरी पाइप लावून नेहमीसारखा जोर केला असणार, कारण त्या बाजूचे दोन स्टड आधीच मोडलेले होते.

"गंज फुगतो रे," एवढंच तुम्ही बोललात. नंतर मी वाचलं तेव्हा त्याचा अर्थ उलगडला. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतं, आणि आट्यांमधली बारीक फट ठासून भरते. नुसता जोर केला की ती भर आणखी दाबली जाते. तुमची रीत वेगळी. तेल सोडायचं, थांबायचं, नटाच्या तोंडावर हातोडीचे छोटे कोरडे टोले द्यायचे, पुन्हा तेल, पुन्हा थांबायचं. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचं, मग सोडायचं, मग परत थोडं आवळायचं. पाना सहा कोनी सॉकेटचा, नटावर गच्च बसणारा. आणि हे सगळं चाक जमिनीवर असतानाच. एक नट तरीही हलेना, तेव्हा मी गॅसचं नाव काढलं. तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात: टायर चढवलेल्या चाकाला आग दाखवायची नाही. हवा काढली असली तरी नाही. तापलेल्या रिमने आतलं रबर जळतं, त्याचा वायू साठतो आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. शेवटी तो नट तुम्ही छिन्नीने चिरलात. स्टडही गेला, पण तो नवीन मिळतो.

मागच्या ड्रमचं काय सांगू! तो हबसकट (चाकाच्या मधल्या भागासकट) निमुळत्या अ‍ॅक्सलवर बसवलेला, त्यामुळे तिथे पुलरच, म्हणजे ओढून काढायचं अवजारच हवं. आधी ब्रेक प्लेटमागचे अ‍ॅडजस्टर फिरवून तुम्ही लायनर (ड्रमवर घासून ब्रेक लावणारं अस्तर) आत घेतलेत, कारण झिजलेल्या ड्रमच्या काठाला धार उभी राहते आणि लायनर बसवलेले शू तिथे अडकतात. मग स्प्लिट पिन काढून मधला नट चार आटे ढिला केलात, पण पूर्ण काढला नाहीत. पुलर ताणून, त्याच्या मधल्या बोल्टवर घणाचा एक टोला देऊन तुम्ही सरळ घरी निघून गेलात. मला वाटलं, काका कंटाळले. रात्री जेवताना पडवीतून जो आवाज आला, त्याने आईच्या हातातली आमटीची वाटी सांडली. हब आपणहून सुटला होता, आणि राखलेल्या त्या नटामुळे जागच्या जागी राहिला होता. नट नसता तर तेवढं जड लोखंड थेट तुळशीवृंदावनाकडे गेलं असतं.

आतली काळी धूळ मी फुंकणार होतो, ती तुम्ही ओल्या फडक्याने पुसायला लावलीत. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाऊन बसतं. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या नळकांड्याचं) हवा काढायचं निपल जाम होतं, तिथे मात्र तुम्ही आग वापरलीत, पण सिलिंडर गाडीवरून उतरवून, ब्रेक ऑइल आणि रबरं पूर्ण काढून, व्हाइसमध्ये धरून. गरम आट्यांना मेणबत्ती टेकवलीत. वितळलेलं मेण आत ओढलं गेलं आणि निपल दोन बोटांच्या जोराने फिरलं. मी ते पाहून मोठ्याने हसलो, तुम्ही हसला नाहीत.

परत जोडताना मी हौसेने अ‍ॅक्सलच्या निमुळत्या भागाला ग्रीस फासायला निघालो, तर तुम्ही माझ्या हातातून डबा काढून घेतलात. तो भाग स्वच्छ आणि कोरडाच बसायला हवा. थोडं चालवून नट पुन्हा तपासायला सांगितलं होतंत. दाभोळपर्यंत जाऊन आलो आणि तपासले. एक जरासा आवळला गेला, बाकी घट्ट होते. ब्रेक चारही चाकांना सारखे लागतात.

पुढच्या दोन चाकांच्या सिलिंडरचं किट अजून बदलायचं आहे. पाऊस ओसरला की, नारळी पौर्णिमेनंतर, जीप घेऊनच तुमच्या दारात येतो. पुलर तुमचाच लागेल. आणि या वेळी पैसे घ्यायचे नसतील तर निदान आमच्या वाडीतले नारळ तरी नाकारू नका, आईने पोत्यात भरून ठेवलेत.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
आंब्याखालच्या जीपवाला