पैसा गोठवता येतो, मग फोटो का नाही? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी गेली एकोणीस वर्षे महाविद्यालयात शिकवते. मुलींच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवरही आहे. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर मागे राहिली. बोलली काहीच नाही, नुसता मोबाइल पुढे केला. चेहरा तिचा होता, स्नेहसंमेलनातल्या फोटोतून उचललेला. खालचे उघडे शरीर दुसऱ्याच कुणाचे. त्याखाली तिचे नाव, गावाचे नाव आणि मोबाइल नंबर. मी फोन परत दिला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मॅडम, हे आमच्या गावच्या ग्रुपवर पण आलंय."

त्याच दुपारी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे आमच्याशी कुणी वाईट वागले नाही. ठाणे अंमलदारांनी खुर्ची दिली, पाणी दिले, सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, हे आयटी ॲक्टमध्ये जातं. त्याचा तपास पीआय साहेबांनाच करता येतो. आमचे प्रभारी साहेब एपीआय आहेत. तुम्ही जिल्ह्याला सायबरला जा." जिल्ह्याचे ठिकाण एसटीने अडीच तासांवर. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, तर सांगण्यात आले की हद्द तुमच्या ठाण्याची आहे, आधी तिथे नोंद करून या. हेलपाट्यांत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतली गेली, आणि तपासाला लागेल म्हणून तिचा मोबाइल ठेवून घेतला गेला. फोटो तेव्हाही जागच्या जागी होता, फक्त पाहणारे वाढले होते.

अंमलदार खोटे बोलत नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७८ प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. हे कलम मूळ आले तेव्हा तर उपअधीक्षकाची अट होती. २००८ च्या दुरुस्तीने ती निरीक्षकापर्यंत खाली आली. पण आपल्या राज्याच्या ग्रामीण भागातली कितीतरी ठाणी सहायक निरीक्षक सांभाळतात. म्हणजे ज्या मुलीचे गाव अशा ठाण्याच्या हद्दीत, तिची तक्रार पहिल्याच पायरीवर अडते. मुंबई-पुण्याच्या मुलीला ही अट जाणवतही नसेल.

याला उत्तर आहे आणि ते आपल्या हातात आहे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बाईचा पाठलाग करणे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हे या संहितेच्या कलम ७८ मध्ये बसते. तिच्या विनयशीलतेचा अपमान होईल असे शब्द वापरणे किंवा काही दाखवणे हे कलम ७९ मध्ये. हे दखलपात्र गुन्हे आहेत आणि त्यांचा तपास ठाण्यातले उपनिरीक्षकही करू शकतात. गुन्हा आजच्या आज या कलमांखाली नोंदवा, आयटी कायद्याची कलमे लावून तपास निरीक्षकाकडे सोपवायचे काम पोलिसांनी आपसात करावे, त्यासाठी मुलीला एसटीत बसवू नये, एवढा एक आदेश प्रत्येक ठाण्याला गेला पाहिजे. हद्दीचा प्रश्नही उरायला नको. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले तरी चालते, तीन दिवसांत सही केली की झाले. हे आमच्या गावी मुलीला कुणी सांगितले नाही. मलाही तेव्हा माहीत नव्हते, आणि याची मला आजही बोच आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. कुणाच्या खात्यातून पैसे गेले, तर १९३० वर फोन करा असे आपले पोलीस गावोगाव फलक लावून सांगतात, आणि ते योग्यच आहे. फोन लागताच तक्रार त्या त्या बँकेकडे जाते, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवायची धडपड सुरू होते. पहिला तास मोलाचा असतो हे या व्यवस्थेने ओळखले आहे. फोटोच्या बाबतीतही पहिला तासच मोलाचा असतो. पैसे निदान परत मिळू शकतात. शंभर फोनमध्ये उतरलेला फोटो परत कुणी गोळा करायचा? तरीही फोटो गोठवण्यासाठी, रात्री अकरा वाजता रडत फोन करणाऱ्या मुलीसाठी, तेवढ्याच तातडीने हलणारी खिडकी आपल्याकडे नाही. तिला आधी जबाब, मग पंचनामा, मग पत्रव्यवहार. आधी फोटो खाली उतरला पाहिजे, जबाब सकाळी झाला तरी चालेल.

कायदा यात आडवा येत नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनीच समाजमाध्यम कंपन्यांवर बंधन घातले की नग्नता दाखवणारा किंवा बनावट, मॉर्फ केलेला असा फोटो असल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने दुसऱ्या कुणी केली, तर तो २४ तासांत हटवण्यासाठी पावले उचलावीत. फेब्रुवारी २०२६ पासून तर ही मुदत दोन तासांवर आली आहे. 'तिच्या वतीने दुसऱ्या कुणी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणजे ठाण्यातली महिला अंमलदार, पीडित स्त्रियांना मदत करणाऱ्या सखी केंद्रातली समुपदेशक, अगदी माझ्यासारखी शिक्षिकासुद्धा ही तक्रार भरू शकते. पण कुठे भरायची, लिंक कशी काढायची, फोटो हटण्याआधी पुरावा कसा जपायचा, हे सांगणारे कुणी नसते. आमच्या मुलीने घाबरून सगळे स्क्रीनशॉट पुसून टाकले होते. स्क्रीनशॉट ठेवा, खात्याची पूर्ण लिंक कागदावर उतरवा, तारीख-वेळ टिपा, हे चार शब्द ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावायला काय अडचण आहे?

आणखी एक साधन आहे, ते फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. स्टॉपएनसीआयआय नावाची एक परदेशी सेवा डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. खासगी फोटो पसरण्याची भीती असलेली प्रौढ व्यक्ती तिथे फोटो पाठवत नाही. तिच्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो. तसाच फोटो कुणी चढवू लागला की तो ओळखून रोखता येतो. अनोळखी पोलिसाला तो फोटो दाखवण्याच्या कल्पनेनेच ज्या मुली तक्रार करत नाहीत, त्यांच्यासाठी हे केवढे मोठे आहे! हे मराठीतून समजावणारे पान राज्याच्या सायबर विभागाने करावे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या अशाच सेवेचीही माहिती त्यात द्यावी.

पोलिसांच्या हातात काहीच नसते हे मला मान्य नाही. २०२१ च्या जुलैमध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारे एक ॲप निघाले. त्या प्रकरणात पहिली अटक व्हायला सहा महिने लागले. जानेवारी २०२२ मध्ये तसेच दुसरे ॲप आले तेव्हा मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदवला आणि काही दिवसांतच दुसऱ्या राज्यांत जाऊन आरोपी पकडले. हे आपलेच पोलीस. मुंबईत जे जमले ते माझ्या तालुक्याला का मिळू नये, एवढेच मी विचारते आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले. समाजमाध्यमांवरून स्त्रियांना छळणाऱ्यांसाठी आणि तपासाला माहिती न देणाऱ्या कंपन्यांसाठी त्यात तरतुदी होत्या. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. मृत्युदंडासारख्या त्यातल्या वादाच्या बाबी बाजूला ठेवून निदान कंपन्यांकडून माहिती मिळण्याचा भाग वेगळा करून केंद्राकडे मांडावा. मात्र नवा कायदा करताना पालघर विसरू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका साध्या फेसबुक पोस्टवरून तिथल्या दोन तरुण मुलींना अटक झाली होती. ज्या ६६अ कलमाचा तिथे आधार घेतला गेला, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. 'त्रासदायक', 'आक्षेपार्ह' असे सैल शब्द कायद्यात आले की ते छळणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यावर आधी उगारले जातात. मला टीका करणाऱ्यांना गप्प करणारा कायदा नको. माझ्या विद्यार्थिनीच्या नंबरावर रात्रभर घाणेरडे फोन करणाऱ्याला थांबवणारी यंत्रणा हवी आहे.

मोबाइलविषयी थोडे. तिचा फोन वडिलांनी हप्त्यावर घेतला होता. नोट्स त्यात, परीक्षेचे ओटीपी त्यावर, बँक त्यावर. मुद्देमाल म्हणून तो जमा झाला आणि मुलगी जगापासून तुटली. नुकसान तिचे, आणि फोनही तिचाच गेला. फोनची न्यायवैद्यक प्रत काढून तो दोन-तीन दिवसांत परत देण्याची सोय जिल्ह्याच्या सायबर लॅबमध्ये हवी. पीडितेचा फोन शक्यतो जप्त करूच नये, असे लेखी बजावून सांगावे.

आणि यात मने मोडतात, सर. घरच्यांनी पहिली गोष्ट केली ती मुलीचे कॉलेज बंद करण्याची. तिची आई माझ्याशी भांडली नाही, फक्त म्हणाली, "बाई, तिचं काही चुकलं नाही हे मला कळतं. पण गावाला कसं सांगू?" मला उत्तर देता आले नाही. हे फक्त मुलींचेच नाही. व्हिडिओ कॉलवर फसवून नंतर धमकावले गेलेले तरुण, निवृत्त झालेले काका, हेही लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत आणि एकटेच खचत जातात. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आधार मिळतो. तक्रार घेताना प्रत्येक ठाण्याने हा क्रमांक लिहून द्यावा. मनोधैर्य योजना २०१३ पासून बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आहे. निदान तिच्यातला समुपदेशनाचा आणि कायदेशीर मदतीचा हात ऑनलाइन छळ झालेल्यांपर्यंत पोहोचवावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत पीडितेला कळवावे लागते. आमच्या मुलीची एनसीच राहिली, गुन्हा कधी दाखल झालाच नाही, मग हे नव्वद दिवस तिच्यासाठी सुरू तरी कुठून व्हायचे?

मोठ्या घोषणा मी मागत नाही. माझ्या तालुक्याच्या ठाण्यात या विषयाची शिकलेली एक महिला अंमलदार, रात्री उचलला जाणारा एक फोन, भिंतीवर एक मराठी फलक, एवढ्यापासून सुरुवात करावी. एका जिल्ह्यात करून पाहायचे ठरवलेत तर आमचे महाविद्यालय खोली देईल, आणि अंमलदारांसोबत बसायला मी आणि माझ्या तीन सहकारी तयार आहोत.

ती मुलगी अजून वर्गात आलेली नाही. तिचे नाव मी हजेरीपटावरून काढलेले नाही. रोज पुकारते.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक प्राध्यापिका