अनुताईंची रीत अंगणवाडीत परत यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१७ मार्च हा आदिवासी मुलांच्या बालशिक्षणाला आयुष्य देणाऱ्या अनुताई वाघ यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने भाषणे होतात आणि त्यांत त्यागाचे गुणगान पुष्कळ असते. बालवैधव्य, पुण्याच्या हुजूरपागा शाळेत शिकवता शिकवता रात्रशाळेतून दिलेली मॅट्रिक, १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांबरोबर डहाणू तालुक्यातील बोर्डी गाठणे, १९५७ पासून त्याच तालुक्यातील कोसबाडची टेकडी, १९८५ मध्ये पद्मश्री. हे सगळे खरेच आहे. पण अनुताई रोज काय करत आणि ते मुलांना का मानवत असे, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचे काम केलेल्या आम्हा काही जणींना तेच सांगायचे आहे. आज कित्येक अंगणवाड्यांत अनुताईंच्या तसबिरीखालीच तीन वर्षांचे मूल पाटीवर 'अ' गिरवताना दिसते.

बोर्डीत पाड्यांवरची मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. आधी अंघोळ, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. साहित्य विकत आणायला पैसे नव्हते आणि आणले असते तरी मुलांना ते परके वाटले असते. म्हणून चिंचोके, शिंपले, खडे, पाने, माती हेच साहित्य झाले.

हे साहित्य स्वस्त असले तरी ते नीट करावे लागते. चिंचोके गर पूर्ण काढून धुवावेत, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत; ओल राहिली तर पावसाळ्यात कीड लागते. एक बाजू दगडावर घासून पांढरी केली की तेच मोजायला आणि जोड्या लावायलाही चालतात. पंचवीस मुलांना दोनशे-अडीचशे पुरतात. आवाजाच्या डब्या सहा घ्याव्यात: दोनमध्ये वाळू, दोनमध्ये तांदूळ, दोनमध्ये खडे. डबी तिसरा हिस्साच भरावी. गच्च भरली तर आतले हलत नाही, सगळ्या सारख्याच वाजतात आणि मूल जोडी लावू शकत नाही. मग दोष मुलाला दिला जातो. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या अंगणवाडीत आणू नयेत. मोगली एरंडाच्या बियाही नकोत. दोन्ही विषारी आहेत आणि मुले हातात येईल ते तोंडात घालतात. तीन वर्षांखालच्या भावंडांसमोर चिंचोकेसुद्धा ठेवू नयेत, ते नाकात जातात.

लिहिण्याचेही तसेच. चिमटीत पेन्सिल धरण्याआधी मुलाचा खांदा, मनगट आणि बोटे तयार व्हावी लागतात. माती मळणे, ओले फडके पिळणे, मणी ओवणे, पाने फाडणे ही त्याची खरी तयारी. त्यानंतर जमिनीवर खडूने मोठ्या रेघा, मग वाळूच्या तबकात बोटाने, आणि पाटी सगळ्यांत शेवटी. तबकाचा तळ गडद रंगवावा आणि वाळू कोरडी, चाळलेली, जेमतेम अर्धा सेंटिमीटर पसरावी. थर जाड झाला की तळ दिसत नाही आणि रेघ उमटत नाही. पाटी आधी दिली तर मूल मुठीत पेन्सिल धरते, जोर देऊन मोडते, हात दुखला की कंटाळते, आणि अक्षर उलट्या दिशेने काढायची सवय लागली तर ती पहिलीतही सुटत नाही. पालक 'पाटीवर काहीच नाही' म्हणून तक्रार करतात हे आम्हाला ठाऊक आहे. अशा आईला तासभर शेजारी बसवून मुलाचा खेळ पाहू द्यावा. समजावून सांगण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

भाषेची बाब याहून नाजूक. डहाणू, तलासरीच्या पाड्यांवर घरात वारली बोलली जाते. प्रमाण मराठीत सूचना ऐकणारे मूल आठवडेच्या आठवडे गप्प बसते आणि त्याच्यावर 'मंद' असा शिक्का बसतो. पहिले दोन-तीन महिने गाणी, गोष्टी, वस्तूंची नावे घरच्या बोलीत असावीत आणि मराठी शब्द त्यांच्या जोडीने यावेत. सेविका पाड्यावरचीच असेल तर हे आपोआप होते, नसेल तर एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला बोलवावे.

कोसबाडचा सर्वांत मोठा धडा मात्र विकासवाडीचा आहे: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी थोरली बहीण शाळेत यावी म्हणून धाकट्याची सोय शेजारीच केली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा त्याच विचारातून निघाल्या. आज दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आईबाप पहाटेच्या अंधारात विटा थापायला लागतात आणि सात-आठ वर्षांची मुलगी तान्ह्याला सांभाळते. गावातल्या अंगणवाडीच्या पटावर नाव असते, मूल मात्र भट्टीवर असते. कुरणशाळेची आज खरी गरज तिथेच आहे.

भट्टीवर वर्ग चालवायला फार काही लागत नाही. धूर आणि मातीच्या खड्ड्यांपासून लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ताडपत्रीची सावली, दोन चटया, झाकणाचा पाण्याचा पिंप, साहित्याची एक पत्र्याची पेटी आणि तान्ह्यांसाठी दोन-तीन झोळ्या. वेळ भट्टीच्या कामाप्रमाणे ठरवावी आणि थोरल्या भावंडांना हाकलू नये. अडचण माणसाची येते. सेविकेकडे लसीकरण, वजने, आहारवाटप, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदी एवढे काम आधीच आहे. तिलाच भट्टीवर पाठवले तर दोन्हीकडची मुले बुडतात. म्हणून हंगामापुरती, दिवाळी ते मे, स्वतंत्र मानधनावर कुटुंबांबरोबर स्थलांतर करणाऱ्यांपैकीच एखादी शिकलेली मुलगी नेमावी. तिला आधी किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यातले निम्मे दिवस साहित्य हाताने बनवण्यात जावेत. अंगणवाड्यांनाही साहित्य दुरुस्तीसाठी दरमहा थोडी रोख रक्कम सेविकेच्या हाती द्यावी. वर्षातून एकदा येणाऱ्या प्लास्टिकच्या संचातले तुकडे हरवले की संच कपाटात जातो.

यंदाच्या दिवाळीआधी भट्ट्यांची यादी आणि तिथल्या सहा वर्षांखालच्या मुलांची संख्या तालुकावार जाहीर व्हावी, एवढी आमची महिला व बालविकास विभागाकडे मागणी आहे.

आपल्या,
अंगणवाडी प्रशिक्षणाचे काम केलेल्या काही शिक्षिका,
डहाणू तालुका