मेटल डिटेक्टर घ्यायचाय? आधी खणणार कुठे ते सांग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी छंदांवर एक पान आलं होतं, त्यात मेटल डिटेक्टरवर चार ओळी होत्या, कमी खर्चात सुरू करता येणारा छंद वगैरे. माझ्या भाच्याने रत्नागिरीहून त्या पानाचा फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "मामा, दहा हजारात कुठला घेऊ?" मी मूळचा रत्नागिरीचाच, गेली बरीच वर्षं इंग्लंडात लिंकनशायरला आहे आणि सात-आठ वर्षं रविवारी सकाळी शेतं तुडवत डिटेक्टरने मातीत गेलेल्या धातूच्या वस्तू शोधतो, त्यामुळे प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. पण उत्तर टाइप करायला बसलो तर ते काही आटपेना, आणि वाटलं की एका भाच्याने विचारलंय म्हणजे पान वाचून अजून पन्नास भाच्यांच्या डोक्यात हेच आलं असणार, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आधी माझी फजिती सांगतो. मी पहिलं मशीन साठ पौंडाला ऑनलाइन घेतलं, कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही कारण तेच मशीन दहा वेगवेगळ्या नावांनी विकतात. डब्यावर लिहिलेलं की अमुक मीटर खोल शोधतं. घरामागच्या लॉनवर चालवलं तर माझ्या बुटातल्या लोखंडी पट्टीवर वाजायचं, बाकी कशावरच नाही. काटा होता, तो उजवीकडे गेला की चांगला धातू म्हणे, तो मनाला येईल तसा जायचा. दीड महिन्यात माळ्यावर गेलं ते अजून तिथेच आहे. मग डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या एका म्हाताऱ्याने त्याचं जुनं गॅरेट एस २५० सत्तर पौंडाला दिलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की मशीन म्हणजे काय. चार पेन्सिल सेलवर चालणारं, सव्वा किलोच्या आसपास वजन, स्क्रीनवर बारीक खुणा. बस्स. त्या दिवशी मिळालं काय तर कोल्ड्रिंकच्या कॅनच्या सतरा चाव्या, बंदुकीच्या काडतुसाचं पितळी बूड, शिशाचा एक गोळा आणि संध्याकाळी उजेड जाता जाता एक जाड तांब्याची चकती, मला वाटलं ट्रॅक्टरचा वॉशर. घरी नळाखाली धरली तर तिसऱ्या जॉर्ज राजाचं तोंड दिसलं. १७९७ ची पेनी, इथे तिला कार्टव्हील म्हणतात, गाडीच्या चाकासारखी कड असते म्हणून, आणि वजन एक औंस म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. खिशात चार टाकल्या तर पँट खाली येईल. ही बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत पाडली, आणि नंतर वाचताना कळलं की त्याच टांकसाळीत १७९१ ला मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी पण पाडली होती. रत्नागिरीचा माणूस लिंकनशायरच्या चिखलात उभा, अन् हातातल्या नाण्याच्या भावंडांनी मुंबईच्या बाजारात भाजी घेतलेली. मला ते फार गोड वाटलं, बायकोला नाही वाटलं, कारण नळाखाली चिखल साचला होता.

तर बजेट. भाच्याला जे सांगायचं होतं तेच लिहितो. इथे विचारशील तर सगळं मिळून तीनशे पौंड धर आणि त्यातले दोनशेच मशीनला ठेव, कारण उरलेल्यात पिनपॉइंटर, चांगलं खोरं, हेडफोन आणि क्लबच्या मेंबरशिपबरोबर येणारा विमा बसवायचा असतो. पिनपॉइंटर म्हणजे मॉलच्या दारात वॉचमन फिरवतो ना तो दंडुका, त्याचा गाजराएवढा भाऊ, खड्ड्यात खुपसून वस्तू नेमकी कुठे आहे ते बघायला. नवीन माणूस हा घेत नाही आणि मग एका खिळ्यासाठी टोपलीभर माती उकरतो. मशीनमध्ये सध्या सुरुवातीला लोक माइनलॅबचं व्हँक्विश किंवा तुर्कस्तानच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स घेतात, दोन्ही चांगली, सिम्प्लेक्स पाण्यात बुडवता येतं पण त्याची फ्रिक्वेन्सी एकच, व्हँक्विश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं. हा फरक कागदावर कंटाळवाणा वाटतो पण समुद्रावर गेलास की तोच सगळा खेळ आहे, ते पुढे सांगतो. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, फक्त समोर चालवून घे, कॉइलची, म्हणजे खालच्या थाळीची, वायर दांड्याशी जिथे मुडपते तिथे हलवून बघ, तिथेच तुटते. आणि नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला फिरतात, अर्ध्या किमतीत नवंकोरं कोणी देत असेल तर तो देव नाही.

खोलीचं म्हणशील तर जाहिरातीतला मीटर विसर. या किमतीतलं मशीन नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल पकडतं, माती चांगली असेल तर अजून दोन बोटं. मोठी वस्तू, म्हणजे कढई, पाइप, ती जास्त खोल. कॉइल खाली चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत बारीक प्रवाह फिरतात, ते प्रवाह उलट सिग्नल देतात आणि तो किती उशिरा येतो यावरून मशीन आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली, तांब्याचांदीचा वर. आता गंमत अशी की सोन्याची अंगठी आणि कॅनची ॲल्युमिनियमची चावी यांचे आकडे साधारण एकाच पट्ट्यात येतात. म्हणजे कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलास तर सोनंही बंद. माझ्या त्या सतरा चाव्या त्यामुळेच.

हे झालं इंग्लंडातल्या भुसभुशीत नांगरलेल्या मातीचं. आपल्याकडे काय होतं ते मी मे महिन्यात प्रत्यक्ष बघितलं. मशीन सुटं करून बॅगेत घालून नेलं, एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली ते सोडा. अंगणात ताई, भावजी, शेजारची पोरं सगळे जमले आणि मी बटण दाबलं तर मशीन जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. खाली धातू नव्हता, खाली जांभा होता! जांभ्यात लोह ठासून भरलेलं, मशीनला अख्खं अंगणच लोखंडी वाटतं. घाटावर गेलास तरी सुटका नाही, काळा कातळ आणि त्याची काळी माती यात पण चुंबकीय खनिज असतंच. मातीचा आवाज वजा करायला ग्राउंड बॅलन्स म्हणून सोय असते, ती हाताने करता येणारी मशीनं थोडी महाग, आणि आपल्याकडे आठ-दहा हजारात जी येतात त्यात एक तर ती नसते किंवा नावाला एक बटण असतं. भाच्याला म्हटलं चल समुद्रावर, गेलो काळबादेवीला, तिथे तर काळी रेती, म्हणजे इल्मेनाइट नावाचं लोहाचं खनिज, त्यात मिठाचं पाणी, आणि ओल्या वाळूत एका फ्रिक्वेन्सीचं मशीन वेड लागल्यासारखं वाजतं. कोरड्या पुळणीवर जरा बरं चाललं, दीड तासात दोन रुपयांची तीन नाणी, बिअरच्या बाटल्यांची झाकणं मोजली नाहीत आणि एक छत्रीची काडी. म्हणजे ज्या मशीनने लिंकनशायरला मजा येते तेच मशीन रत्नागिरीत पैसे पाण्यात. कोकणासाठी घ्यायचंच तर अनेक फ्रिक्वेन्सीचं आणि ग्राउंड बॅलन्सवालं घ्यावं लागेल, ते कस्टम ड्यूटी धरून दहा हजारात येत नाही, विषय संपला.

पण खरं सांगायचं तर मशीन हा प्रश्नच नाही. इथे कोणी नवीन आला की जुने लोक पहिलं विचारतात, परमिशन आहे का? परमिशन म्हणजे शेतमालकाने दिलेली परवानगी, आणि ती एवढी मोलाची की लोक म्हणतात माझ्याकडे दोन परमिशन आहेत, आपल्याकडे म्हणतात ना दोन एकर आहेत, तसं. संरक्षित स्मारकावर मशीन न्यायचं नाही. सोन्याचांदीचं तीनशे वर्षांहून जुनं काही मिळालं (एखादं सुटं नाणं सोडून) तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं, बक्षीस ठरलं तर साधारण निम्मं मालकाला. रात्री चोरून खणणारे इथेही आहेत, त्यांना नाइटहॉक म्हणतात आणि क्लबात त्यांच्याबद्दल जे बोलतात ते छापता येणार नाही. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोकमध्ये हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला, त्याचा मित्र निवृत्तीला भेट मिळालेला डिटेक्टर घेऊन हातोडा शोधायला गेला आणि रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी लागली, पंधरा हजारांच्या आसपास. त्याने काय केलं तर खणणं थांबवलं आणि कळवलं, त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांना पेटी कशी भरली होती, काय कशात गुंडाळलं होतं ते सगळं जागेवर बघता आलं. पावणेदोन मिलियन पौंड मिळाले, शेतकऱ्याबरोबर वाटून. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हे सगळं इथे चालतं कारण त्याला कायद्याची चौकट आहे आणि सापडलेलं दाखवायला जिल्ह्याजिल्ह्यात माणूस नेमलेला आहे. आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, त्यात जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर एक वर्षापर्यंत कैद. दहा रुपये! म्हणजे गुप्तधनाची व्याख्या वडापावच्या आत आली. आणि गड-किल्ल्यांचं तर बोलायलाच नको, संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं हा सरळ गुन्हा आहे. भाच्याच्या मोबाईलवर ज्या रील्स होत्या त्यात पोरं तटाच्या पायथ्याशी डिटेक्टर फिरवत होती, वर ढोल-ताशाचं म्युझिक. २०२५ च्या मार्चमध्ये रावेरच्या पलीकडे, बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या खालच्या शेतांत एक सिनेमा बघून लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन मोहरा शोधायला उतरले होते, शेतकऱ्यांच्या जमिनीची चाळण झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये आपले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग त्यातच आहेत, भाच्याच्या बाइकच्या टप्प्यात. तिथे मातीतून एक शिवराई उपटली की ती कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं, सगळं गेलं, उरतो तांब्याचा तुकडा आणि रीलला चार हजार लाइक.

अजून एक, कारण भाच्याच्या मित्राने तेही दाखवलं, लांबून सोनं दाखवणारं यंत्र, पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे अँटेना, म्हणे शंभर मीटरवरून दिशा दाखवतं. किंमत दीड लाख, हप्त्याने पण देतो म्हणाला. असल्याच अँटेनाच्या मुठी बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून इराकला विकल्या होत्या, एडीई ६५१ नावाने, मुळात ते गोल्फचे चेंडू शोधायचं गंमतीचं खेळणं, आत काहीच नाही. लोक चेकपोस्टवर त्याच्या भरवशावर राहिले आणि मेले. विकणाऱ्याला २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने दहा वर्षं दिली. आपल्याकडे पूर्वी हेच काम नारळ आणि पायाळू माणूस करायचा, आता बॅटरी टाकली एवढंच.

संपादक साहेब, छंदाचं पान छापू नका असं म्हणत नाही. बातमीच्या शेजारी चौकटीत कायद्याच्या दोन ओळी टाका एवढीच विनंती.

भाचा घ्यायचा थांबला, निदान आत्तापुरता. त्याला कारण मी नाही, आमच्या वाडीचा प्लंबर आहे. मी तिकडे असतानाच नवा रस्ता झाला आणि नळपाणी योजनेचा व्हॉल्व्ह खडी-डांबराखाली गाडला गेला, प्लंबर दोन दिवस पहार घेऊन ठोकत होता, वरच्या आळीला पाणी नाही. भाचा म्हणाला मामा आपलं मशीन नेऊया. बिडाचा व्हॉल्व्ह म्हणजे जांभ्याच्या सगळ्या कटकटीवर मात करणारा सिग्नल, दहा मिनिटांत सापडला, भाच्यानेच शोधला. बायका हंडे घेऊन तिथेच उभ्या होत्या. प्लंबरने कपाळाचा घाम पुसला, मशीन उलटंसुलटं करून बघितलं आणि मला विचारलं, "काका, दहा हजारात येईल का ओ असलं?"

त्याला म्हटलं घेऊ नको, मे महिन्यात मी येतोच.

आपला एक वाचक,
मूळ रत्नागिरी, सध्या लिंकनशायर