हवामानाच्या चौकटीत आर्द्रताही छापा

संपादक महोदय,

मे महिन्यात आपण कमाल तापमान ठळक छापता. हवामान विभाग सकाळी ८.३० आणि सायंकाळी ५.३० वाजता आर्द्रताही नोंदवतो. तीही रोज द्यावी, ही कळकळीची विनंती.

मी घरातल्या मागच्या खोलीत, चंदेरी अस्तराच्या तंबूत एलईडी दिव्यांखाली सांबार (कोथिंबीर) आणि मिरचीची रोपं वाढवते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं साधन नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा खोली गार करते आणि रोपांना हवा तो ओलावाही देते. तोच कूलर जुलैत लावला तर पारा फारसा उतरत नाही, दमटपणा मात्र वाढतो आणि कोवळी रोपं बुडाशी कुजतात. मग कूलर बंद, वरच्या तोंडाला एक्झॉस्ट पंखा, खालची झडप उघडी. दिवे विझताच तंबू गार होतो, सापेक्ष आर्द्रता चढते. पंखा तेव्हाच सर्वांत गरजेचा.

हा बदल कधी करायचा, ते नुसत्या कमाल तापमानावरून कळत नाही. गच्चीवर, खोलीत भाजी पिकवणाऱ्या कितीतरी घरांना त्या दोन आकड्यांचा उपयोग होईल.

— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर